चार हातांवरचा माणूस

माघ सरत आला, की पेणपासून रोह्यापर्यंतची कापणी झालेली भातशेते मुलांच्या ताब्यात जातात. धसकटे उपटून, ढेकळे फोडून, पाणी शिंपडून एक लांबट पट्टा चोपून सपाट केला जातो, तीन काठ्या रोवल्या जातात, आणि दिवस मावळेपर्यंत टेनिसच्या चेंडूवर क्रिकेट चालते. अशाच एका संध्याकाळी, रोह्यास बहिणीकडे गेलो असता, कुंडलिका नदीच्या अलीकडील एका शेताच्या बांधावर मी भाच्यासह बसलो होतो. फलंदाजाच्या पुढ्यात, त्याची बॅट जवळजवळ अंगाला लागेल इतक्या अंतरावर, एक किडकिडीत मुलगा ओणवा होऊन उभा होता. चेंडू बॅटीच्या कडेला लागून पायावर आपटला आणि उडाला, आणि आम्ही ‘उडाला’ असे म्हणेपर्यंत तो त्या मुलाच्या ओंजळीत विसावलेलाही होता. भाच्याने विचारले, “मामा, तो चेंडू बघून हात पुढे करतो, की हात आधीच तिथे असतो?”

प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी त्याच्या पोटात शरीरशास्त्र आहे, पदार्थविज्ञान आहे, आणि ज्याचे नाव आजच्या मुलांच्या कानांवर क्वचितच पडते अशा एका असामान्य मराठी खेळाडूचे चरित्रही आहे. एकनाथ धोंडू सोलकर हे ते नाव. सत्तावीस कसोटी सामन्यांत त्रेपन्न झेल घेणारा, शिरस्त्राण नसलेल्या काळात फलंदाजाच्या पुढ्यात उभा राहणारा हा माणूस ती विद्या किती दूरवर नेऊ शकला, हे समजण्यासाठी प्रथम भाच्याच्या प्रश्नाचेच उत्तर शोधले पाहिजे.

पट्टीचा प्रयोग

त्या रात्री दिव्याखाली बसून मी त्याला एक जुना प्रयोग करून दाखवला. वाचकांनीही तो घरी करून पाहावा. तीस सेंटिमीटरची पट्टी एकाने वरच्या टोकाशी उभी धरावी. दुसऱ्याने खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेपाशी, अंगठा आणि तर्जनी किंचित विलग ठेवून सज्ज राहावे. आणि पहिल्याने न सांगता पट्टी सोडताच दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी साधारणतः वीस सेंटिमीटरच्या आसपास पकडली जाते. वस्तूला वीस सेंटिमीटर खाली पडण्यास एका सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. डोळ्याने पाहिलेली गोष्ट मेंदूपर्यंत जाणे, मेंदूने तिचा अर्थ लावणे, मग मज्जातंतूंवाटे स्नायूंना हुकूम सुटणे आणि स्नायूंनी तो अमलात आणणे, या साऱ्या दरबारी कारभारास लागणारा वेळ तो हाच. इंद्रियाची वर्दी आणि अवयवाची हालचाल यांमधील या अवधीला प्रतिक्रियाकाल म्हणतात.

आता हाच हिशेब मैदानावर मांडू. शॉर्ट लेग नावाच्या जागी, म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायांच्या बाजूला, उभा राहणारा क्षेत्ररक्षक बॅटीपासून अवघ्या दोन मीटरांवर असतो. आपल्या जुन्या मापाने चार-साडेचार हातांवर. बॅट आणि पायाचे पॅड यांना लागून मंदावलेला चेंडू सेकंदाला दहा मीटर वेगाने आला असे धरले, तरी ते अंतर तो एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात कापतो. म्हणजे चेंडू उडालेला पाहून मग हात हलवायचा, असा ज्याचा बेत असेल, त्याचा हात हलू लागण्याच्या क्षणीच चेंडू त्याला ओलांडून गेलेला असतो. आणि फलंदाजाने तोच चेंडू जोराने फटकावला, वेग सेकंदाला तीस मीटर झाला, तर तो चेंडू सेकंदाच्या पंधराव्या भागात येऊन थडकतो. तेथे झेल राहो, मान फिरवण्यासही अवकाश उरत नाही.

मग झेल घेतले जातात ते कसे? पट्टीचाच प्रयोग थोडा बदलून केला, म्हणजे उत्तराचा धागा हाती लागतो. या खेपेस पट्टी सोडणाऱ्याने ‘एक, दोन, तीन’ असे ठराविक लयीत मोजावे आणि तीनच्या ठोक्यावर ती सोडावी. चार-पाच वेळा असे झाले, की पकडणाऱ्याची चिमूट पूर्वीपेक्षा पुष्कळ आधी मिटते. त्याचे डोळे अधिक तेज झालेले नसतात, स्नायूही तेच असतात; केवळ काय घडणार हे त्यास घडण्याआधी ठाऊक झालेले असते. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे: हात आधीच निघालेला असतो, आणि त्याला आधी निघण्याचा हुकूम चेंडूने दिलेला नसतो, चेंडू उडण्यापूर्वीच्या खुणांनी दिलेला असतो.

उडण्यापूर्वीच्या खुणा

आपल्या मुलखात हे समजावून सांगण्यास कबड्डीइतके उत्तम साधन नाही. पेण आणि रोहा तालुक्यांतील गावोगावच्या मैदानांवर पाहावे: चढाई करणाऱ्याच्या हातांकडे पाहणारा गडी फसतो, कारण हात हुलकावणी देतात; जो त्याच्या कमरेकडे आणि पावलांकडे पाहतो, त्याला पकड साधते, कारण शरीराचा भार ज्या पावलावर गेला त्याच्या विरुद्ध दिशेला माणसाला क्षणार्धात वळता येत नाही. शॉर्ट लेगचा क्षेत्ररक्षकही असाच भाराचा अर्थ लावतो. गोलंदाजाचे मनगट कोणत्या बाजूला वळले, चेंडू हवेत किती वेळ राहिला, टप्पा कोठे पडणार, फलंदाजाचा पुढचा पाय कितपत आला, बॅट पायाच्या मागे राहिली की पुढे आली, तिचे तोंड उघडे की बंद, या खुणांची एक मालिका त्याच्या मनात जुळत जाते. आणि ती पुरती जुळली, की चेंडू बॅटीला लागण्यापूर्वीच त्याची दिशा एका अरुंद पट्ट्यापुरती उरते.

असे भाकीत फलंदाजही करीत असतात. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली, तेव्हा असे आढळले, की फलंदाज चेंडूवर शेवटपर्यंत नजर खिळवून ठेवीत नाही. तो सुटल्यावर क्षणभर पाहतो, आणि मग चेंडू पोहोचण्याआधीच नजर टप्प्याच्या संभाव्य जागी नेऊन ठेवतो. फलंदाज जितका निपुण, तितकी ही उडी लवकर.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत ज्याने मूर्तीच्या डोळ्यांची आखणी पाहिली असेल, त्याला यात नवल वाटणार नाही. तेथील जुना कारागीर कुंचल्याच्या टोकाकडे पाहत नाही. रेघ जेथे संपायची आहे त्या जागेकडे पाहतो, आणि हात मागून तेथे जातो.

फिरकीचा चेंडू तेथेच का जातो

खुणा वाचता येतात म्हणून कोणी कोठेही उभे राहत नाही. शॉर्ट लेगच्या जागेला कारण आहे, आणि ते फिरकीत आहे. ऑफस्पिनरने फिरवलेला चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजाच्या अंगाकडे वळतो. फलंदाज पाय पुढे टाकून, बॅट आणि पॅड जवळजवळ चिकटवून त्याला अडवू पाहतो. चेंडू अपेक्षेपेक्षा थोडा अधिक वळला वा उसळला, की तो बॅटीच्या मध्याला न लागता आतल्या कडेला लागतो, तेथून पॅडवर आदळतो, आणि दोन आघातांत बहुतेक वेग गमावून हलकेच वर उडतो. हा मंद, उंचावलेला, अल्पायुषी चेंडू जमिनीला लागण्याआधी जास्तीत जास्त दोन-तीन मीटर जातो. त्याला झेलायचे तर त्या दोन-तीन मीटरांच्या आतच माणूस हवा. पाच मीटरांवर उभा असलेला क्षेत्ररक्षक कितीही चपळ असला तरी निरुपयोगी.

योग असा, की सोलकर ज्या काळात खेळले तो भारतीय फिरकीचा सुवर्णकाळ होता. एरापल्ली प्रसन्ना आणि श्रीनिवास वेंकटराघवन यांचा ऑफस्पिन, पोलिओने कृश झालेल्या हाताने भागवत चंद्रशेखर टाकीत ते वेगवान लेगब्रेक आणि अवचित आत वळणारे गुगली, आणि बिशनसिंग बेदींची डावखुरी मंद फिरकी. बेदींचा चेंडू बाहेर जाणारा खरा, परंतु तो वाटल्यापेक्षा अधिक उसळून हातमोज्याला लागला की पायांच्या बाजूलाही उडे. या चौघांनी मिळून कसोटीत ८५३ बळी घेतले. त्या बळींच्या मागे जे जवळचे क्षेत्ररक्षक उभे होते, आबिद अली, वाडेकर, स्वतः वेंकटराघवन, त्यांत सोलकरांची जागा सर्वांत पुढची, आणि माझ्या मते सर्वांत अवघड.

या जागेचा आणखी एक परिणाम आहे, तो धावपुस्तकात दिसत नाही. समोर चार हातांवर मनुष्य उभा आहे याची जाणीव फलंदाजाच्या पायांत शिरते; पुढे येऊन खेळायचा तो मागे राहतो, मोकळा सोडायचा हात आखडतो, आणि झेल न जाताही त्याचा बळी दुसऱ्याच एखाद्या रीतीने जातो.

बगळ्याची बैठक

पेणच्या खार जमिनीत उथळ पाण्यात उभा असलेला बगळा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो तासन्‌तास हलत नाही, म्हणून त्याला आळशी समजणारा माणूस चुकतो. त्याची मान आत ओढून घेतलेली असते, आणि मासा टप्प्यात येताच तेवढी मान सुटते. शॉर्ट लेगच्या उभे राहण्यात हेच तत्त्व आहे, आणि त्यामागील गणित मोठे सुरेख आहे.

आपली पट्टी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात वीस सेंटिमीटर पडली होती. मनुष्याचे शरीरही त्याच नियमाने पडते. ताठ उभा राहिलेला क्षेत्ररक्षक घोट्याशी आलेल्या झेलासाठी खाली जाऊ पाहील, तर त्या अवधीत पृथ्वी त्याला वीसच सेंटिमीटर खाली नेईल. अर्धा मीटर खाली जाण्यास सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो, आणि तोवर चेंडू जमिनीला टेकलेला असतो. याउलट वर उठण्याचे काम मांड्यांचे स्नायू करतात, आणि ते आधीच ताणून ठेवलेले असतील तर वर जाणे खाली येण्यापेक्षा लवकर साधते. म्हणून जाणता क्षेत्ररक्षक आरंभापासूनच खाली बसलेला असतो: गुडघे वाकलेले, भार टाचांवर नसून चवड्यांवर, हात जमिनीलगत आणि तळवे उघडे. उठणे घाईचे झाले तरी चालते; वाकणे आधीच झालेले असावे लागते.

या बैठकीला धैर्याची जोड लागते. फलंदाजाने बॅट उचलली, की मनुष्याचे शरीर आपोआप मागे सरते, डोळे मिटतात, मान वळते. लक्षावधी वर्षांच्या जीवनरक्षणाने शिकवलेली ही क्रिया आहे. ती दाबून धरणे, डोळे उघडे ठेवणे, भार पुढेच राखणे, हे त्या काळी शिरस्त्राणाविना करावे लागे; कसोटीत फलंदाजानेही शिरस्त्राण प्रथम घातले ते १९७८ मध्ये, म्हणजे सोलकरांची कसोटी कारकीर्द संपल्यावर. या धोक्याची किंमत लहान नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्यास फॉरवर्ड शॉर्ट लेगला शिरस्त्राणाविना उभे असलेले भारताचे कसोटीपटू रमण लांबा यांच्या डोक्याला चेंडू लागला आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. शेतात पुढ्यात उभ्या राहणाऱ्या मुलांच्या हाती टेनिसचा चेंडू असतो, हे म्हणूनच बरे. कातडी चेंडू घेताना शिरस्त्राणाविना तेथे कोणाही मुलाला उभे करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

झेल आणि झेला

हात ठिकाणी पोहोचला, तरी काम अर्धेच झाले. आंबा उतरवण्यासाठी कोकणात जो झेला वापरतात, लांब बांबू, टोकाशी कडे आणि कड्याला जाळी, त्याची बांधणी पाहावी. जाळीऐवजी तेथे पत्र्याचे भांडे लावले तर आंबा फुटेल किंवा उसळून बाहेर पडेल. जाळी आंब्याबरोबर थोडी खाली जाते, त्याचा वेग हळूहळू उतरवते, आणि फळ डागळत नाही. झेल आणि झेला हे दोन्ही शब्द एकाच धातूचे, आणि विज्ञानही एकच: वस्तू थांबवण्यास जितके अधिक अंतर द्यावे, तितका आघात कमी.

┌──────────────
चौकट : एका झेलाचा हिशेब
क्रिकेटच्या चेंडूचे वजन सुमारे १६० ग्रॅम. तो सेकंदाला १० मीटर वेगाने आला आणि ताठ तळव्यावर २ सेंटिमीटरांत थांबला, तर हातावर क्षणभर ४० किलो वजनाएवढा भार पडतो. बोटे न मिटताच चेंडू उसळून जातो. तोच हात चेंडूबरोबर २० सेंटिमीटर मागे घेतला, तर भार ४ किलोएवढा. शॉर्ट लेगला मात्र मागे घेण्यास जागा आणि वेळ दोन्ही अपुरी. म्हणून हात मागे ओढण्यापेक्षा बोटे, मनगट आणि कोपर सैल ठेवण्यावरच भिस्त.
└──────────────

अमेरिकेच्या बेसबॉल या खेळातही मैदानाच्या आतल्या चौकोनाभोवती उभे राहणारे चार क्षेत्ररक्षक असतात, आणि त्यांच्याकडे सणसणीत सरपटी चेंडू येतात. तेथे एका थांब्यापासून (बेसपासून) दुसऱ्या थांब्यापर्यंतचे अंतर ९० फूट, आणि तिसऱ्या थांब्याजवळचा माणूस फलंदाजापासून सामान्यतः तेवढ्याच अंतरावर. ताशी १६० किलोमीटर वेगाचा फटकाही त्याच्याकडे येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक घेतो, आणि हातात जाड चामडी मोजा असतो. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकावाचून कोणालाही हातमोजा घालण्याची मुभा नाही. दोन्ही विद्या थोर आहेत; परंतु उघड्या हातांनी, अर्ध्याहून कमी अवधीत, अधिक जड चेंडू घेणे हे काही निराळेच आहे.

मैदानावर वाढलेला मुलगा

सोलकरांचा जन्म १८ मार्च १९४८ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील मरीन ड्राइव्हवरील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखीत, आणि कुटुंब मैदानालगतच राहत असे. सामने चालू असता धावफलकावरील आकडे बदलण्याचे काम हा मुलगा करी. ज्या घरात खेळपट्टीवर पाणी किती घालावे, रोलर केव्हा फिरवावा, ही रोजची बोलणी, त्या घरातील मुलाला चेंडू कोणत्या मातीवर किती उसळेल हे पुस्तकाविना कळू लागले असणार. माझा तर्क असा, की शॉर्ट लेगच्या विद्येची मुळाक्षरे तेथेच गिरवली गेली. भारतीय शालेय संघाचे नेतृत्व करून ते वर चढले. धाकटे बंधू अनंत हेही प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले.

१९६९ च्या ऑक्टोबरात हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी कसोटीत पदार्पण केले. ते केवळ क्षेत्ररक्षक नव्हते. डावखुरी फलंदाजी, नव्या चेंडूवर मध्यमगती आणि जुन्यावर मंद फिरकी, असा अष्टपैलू कारभार होता. १९७१ च्या वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात किंग्स्टनला भारताचे पाच गडी ७५ धावांत गेले असता दिलीप सरदेसाईंबरोबर त्यांनी सहाव्या गड्यासाठी १३७ धावा जोडल्या. पुढील पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत, जी जिंकून भारताने वेस्ट इंडिजवर पहिला विजय मिळवला, त्यांनी सहा झेल घेतले. वानखेडे मैदानावरील पहिल्याच कसोटीत, १९७५ च्या जानेवारीत, वेस्ट इंडिजविरुद्ध १०२ धावा हे त्यांचे एकमेव कसोटी शतक. १९७७ मध्ये कसोटी कारकीर्द आटोपली, आणि २६ जून २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

चतुर्थीची पूर्वसंध्या

मला मात्र सोलकर म्हटले की २३ ऑगस्ट १९७१ आठवतो. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. पेणच्या कारखान्यांतील बहुतेक मूर्ती आपापल्या गावी रवाना झाल्या होत्या; ज्या आळीत महिनाभर शाडूचा ओला वास भरून होता, तेथे रिकाम्या फळ्या आणि रंगाच्या वाट्या उरल्या होत्या, आणि एका कारखान्यात रेडिओभोवती आम्ही दहा-बारा मुले आणि चार-पाच कारागीर बसलो होतो. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडने पहिल्या डावात ३५५ केल्या होत्या, आपण २८४ केल्या होत्या, आणि दुसऱ्या डावात चंद्रशेखर इंग्लंडला कापून काढीत होते.

पहिल्या डावात ९० धावा करणारा यष्टिरक्षक अ‍ॅलन नॉट खेळायला आला. तो टिकला तर सारे बिघडेल हे मुलांनाही कळत होते. वेंकटराघवनचा चेंडू पुढे येऊन त्याने अडवला. तो बॅटीला आणि पॅडला लागून समोर, अगदी खाली उडाला. आणि सोलकर पुढे झेपावले. त्या क्षणाचे छायाचित्र नंतर पाहिले, तेव्हा वर लिहिलेले सारे गणित त्यात उमटलेले दिसले. शरीर जमिनीला समांतर, हात फलंदाजाच्या पायांपर्यंत गेलेले. दोन मीटरांवर उभा असलेला माणूस चेंडू उडाल्यावर निघाला असता, तर तेथे पोहोचूच शकला नसता. चवड्यांवरचा भार नॉटच्या पुढच्या पायाबरोबरच सुटलेला असला पाहिजे. नॉट एका धावेवर बाद. त्याच डावात चंद्रशेखरच्या चेंडूवर कीथ फ्लेचरलाही सोलकरांनीच शून्यावर झेलले. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला, चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेतले, आणि दुसऱ्या दिवशी, घरोघरी गणपती बसल्यावर, भारताने इंग्लंडमधील पहिला कसोटी विजय चार गडी राखून मिळवला. पहिल्या डावातील सोलकरांच्या ४४ धावा आणि २८ धावांत तीन बळी यांची आठवण त्या गजरात कोणी काढली नाही.

नोंदीतील जागा

बेसबॉलच्या नोंदवहीत प्रत्येक क्षेत्ररक्षकाच्या जागेला क्रमांक असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यांमधील माणसाचा क्रमांक सहा, पहिल्या थांब्यावरील माणसाचा तीन. सहाने चेंडू अडवून तिनाकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, तर नोंद होते ६-३. कोणी अडवला, कोणी फेकला, कोणी घेतला, कोणाच्या हातून सुटला, सारे दप्तरी दाखल होते. म्हणून तेथील फारसे नाव न झालेल्या क्षेत्ररक्षकाचाही हंगाम वर्षांनंतर कागदांवरून उभा करता येतो. क्रिकेटचे दप्तर या बाबतीत कृपण आहे. बळी खात्यावर चढतो तो गोलंदाजाच्या. झेल घेणाऱ्याचे नाव त्या ओळीत मध्ये कोठेतरी येते, सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव यावे तसे, आणि सुटलेला, अडवलेला, केवळ दहशतीने मिळवून दिलेला बळी तर कोठेच येत नाही. सत्तावीस सामन्यांत त्रेपन्न झेल, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन; यष्टिरक्षक वगळता वीसहून अधिक कसोटी खेळलेल्यांत हे प्रमाण अजोड मानले जाते. एवढा मोठा आकडाही हिशेब करूनच काढावा लागतो.

हिंदू जिमखान्याच्या मैदानावर तो मुलगा ज्या धावफलकावरचे पत्रे बदलीत असे, तसल्या फलकांवर एकूण धावांना खुंटी असते, पडलेल्या गड्यांना असते, शेवटी बाद झालेल्याच्या धावांना असते. झेलांसाठी खुंटी नसते.